मऊ आहे तोवर

घरात एक मेणबत्ती शोधा. देवघराच्या खणात, मीटरच्या पेटीवर, नाहीतर मागच्या वाढदिवसाला केकबरोबर आलेल्या पिशवीत एखादी सापडेलच. कशीही चालेल, अर्धी जळलेलीसुद्धा. काडेपेटीही घ्या, पण ती बाजूला ठेवा. तिचं काम बऱ्याच उशिरा आहे.

आता बसा. भिंतीला टेकून बसलात तरी हरकत नाही. श्वासाकडे लक्ष द्या वगैरे मी सांगणार नाही. तो आपला आपण चाललेला असतो. मेणबत्ती डाव्या तळहातावर आडवी ठेवा आणि उजव्या हाताचा अंगठा तिच्या मध्यावर टेकवून दाबा. थोडा जोर लावा. आता अंगठा उचलून बघा. काही उमटलेलं नाही. फार तर एक धुरकट डाग, तोही एवढ्यात उडून जाईल. गार मेणाला तुमच्या अंगठ्याशी काही देणंघेणं नाही.

तिला मुठीत धरा. आपण बोलत राहू, ती मुठीत राहू दे.

मेणबत्ती म्हटलं की मला पहिली आठवते ती कधीच न पेटलेली. आमच्या बैठकीच्या खोलीतल्या शोकेसमध्ये ती उभी असायची. १९९७ च्या मे महिन्यात महाबळेश्वरच्या बाजारातून आणलेली, वीतभर उंच, लाल-पांढरी-पिवळी. अंगावर वरपासून खालपर्यंत फिती सोललेल्या, आणि त्या जिलबीसारख्या वळवून परत अंगालाच चिकटवलेल्या. आईनं ती वर्तमानपत्रात गुंडाळून, एसटीत सगळा घाट मांडीवर धरून आणली. जॅमच्या बाटल्या सीटखाली गडगडत होत्या, त्यांची तिला फिकीर नव्हती.

ती पेटवायची गोष्ट घरात कधी निघालीच नाही. लोडशेडिंगच्या वर्षांत रोज संध्याकाळी साध्या पांढऱ्या मेणबत्त्या जळायच्या. उपड्या वाटीवर चार थेंब सांडायचे, त्यातच बूड रोवायचं, झालं. शोकेसमधली त्यांच्या उजेडात काचेआड चमकायची. स्वतः एक क्षणही न जळता तिनं कितीतरी रात्री उजेड अंगावर घेतला. आम्हा मुलांना त्यात काही विचित्र वाटत नव्हतं. पाहुण्यांसाठीचे कप वेगळे असतात, तशी ही वेगळी, एवढंच. फक्त दर उन्हाळ्यात ती थोडी कलायची. मेच्या उकाड्यात शोकेसच्या काचेआड मेण नरम व्हायचं आणि तिचं डोकं डावीकडे केसभर झुकायचं. जूनमध्ये पाऊस आला की तिथंच थांबायची. दहा वर्षांत ती, आमचे आजोबा ऐकू येत असलेल्या कानाच्या बाजूला वाकायचे, तशी दिसू लागली होती.

अशी मेणबत्ती करतात कशी, हे मी फार उशिरा पाहिलं. आता तुम्हीही पाहा. डोळे मिटून पाहिलं तर बरं.

एक पांढरा गाभा आहे, चांदणीच्या आकाराचा. वातीला धरून आकड्याला टांगलेला. तो वितळलेल्या रंगीत मेणाच्या पातेल्यात बुडतो, वर येतो. थंड पाण्यात बुडतो, वर येतो. मग दुसऱ्या रंगात. लाल, पांढरा, पिवळा, परत पांढरा. एकेक थर जाड कागदाएवढा. असे पंचवीस-तीस थर चढता चढता चांदणीच्या खाचा भरत जातात आणि बाहेरून एकरंगी, जरा बेढब असा खांब तेवढा उरतो. पोटात काय आहे ते वरून कळत नाही. मग सुरी लागते. वरून खाली एक पट्टी तासत आणायची; पण तोडायची नाही, बुडाशी अंगाला चिकटलेलीच ठेवायची. अळूवडीचा उंडा कापल्यावर आतले वळसे दिसावेत तसे पट्टीच्या कडेला सगळे थर उघडे पडतात. ती पट्टी बोटांनी पिळायची, दुमडायची, तिचं टोक वर नेऊन दाबायचं. की पुढची.

हे सगळं करायला वेळ किती? पाव तास, फार तर वीस मिनिटं. मेण ऊन आहे तोवर पट्टी ओल्या चामड्यासारखी वळते. निवलं की तीच पट्टी काडकन तुटते. कारागिराला मधेच चहाला उठता येत नाही. चुकलेली पट्टी खोडता येत नाही. शेवटी चकाकीची एक बुडी, गार पाण्याची एक बुडी, आणि आकड्यावरून खाली.

थांबा इथं जरा. मुठीतल्या मेणबत्तीचं काय झालंय? गारपणा गेला असेल. मऊ झालेली नसेल, पण आता ती परकीही लागत नसेल.

आमच्या शोकेसमध्ये इतकी वर्षं जे उभं होतं, तो कुणाचा तरी एक पाव तास होता. माणूस कोण, त्याचं त्या दिवशी काय चाललं होतं, काही ठाऊक नाही. एका पट्टीच्या टोकावर मात्र बोटाच्या पेराचा खळगा होता. घाईनं दाबलेला. मी लहानपणी त्यात करंगळी बसवून बघायचो.

महाबळेश्वरच्या मेणबत्त्यांविषयी आणखी एक गोष्ट मनात ठेवण्यासारखी आहे. दृष्टी गेल्यावर मुंबईच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडमध्ये मेणबत्ती करायला शिकलेले भावेश भाटिया महाबळेश्वरात हातगाडीवर मेणबत्त्या विकत होते. १९९४ साली त्यांनी सनराइज कँडल्स हा उद्योग सुरू केला आणि पुढे अनेक अंध माणसांना तिथं काम मिळालं. लोक हे सांगताना लगेच 'दुसऱ्यांना उजेड देणारे' असं काहीतरी म्हणतात. मला त्याचा कंटाळा आहे. मला त्यातलं वेगळंच लक्षात राहतं. मेण ओतायला तयार झालं का, साच्यातून सुटायला आलं का, हे त्या कामात हाताला आणि नाकाला कळावं लागतं. डोळ्यांचं काम मेणबत्तीत फक्त गिऱ्हाइकाला असतं.

मेणाला आकार द्यायची हौस आपल्याकडे तशी जुनी आहे. सप्टेंबरात वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेला वसईपासूनची माणसं जातात. चढावरच्या दुकानांत मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची बाळं, मेणाची घरं मांडलेली असतात. ज्याचं जे दुखतं किंवा ज्याला जे हवं, ते मेणाचं घ्यायचं आणि माउलीपुढे ठेवायचं. मेणाचं गुडघ्यापर्यंतचं पाऊल हातात धरून रांगेत उभी असलेली बाई मी पाहिली आहे. ती ते पाऊल जसं धरून होती तसं आपण एखाद्याचं खरं दुखरं पाऊलच धरतो.

*

जव्हारला 'ठाणे जिल्ह्याचं महाबळेश्वर' म्हणायची सवय आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला तरी ती पुरती गेलेली नाही. थंड हवा आहे, दऱ्या आहेत, सूर्यास्त बघायची जागा आहे, मुकणे राजांचा जयविलास राजवाडा आहे, दाभोशाचा धबधबा आहे. महाबळेश्वर म्हटलं म्हणून मी बाजारातून फिरताना नकळत मेणबत्त्यांचं दुकान शोधत होतो. दिसलं नाही. किराणा दुकानात होत्या त्या साध्या, पुडक्यातल्या.

त्र्यंबककडून मोखाड्यावरून मी जव्हारला आलो तो ऑक्टोबरचा महिना होता. भात पिवळं पडायला लागलेलं आणि वरकस उतारांवर खुरासणी फुललेली. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांनी झेंडूपेक्षा फिका, मोहरीपेक्षा गडद असा पिवळा रंग डोळ्यांपुढे आणावा आणि तो डोंगराच्या उतारावर, नाचणीच्या शेजारी, तुकड्यातुकड्यांनी पसरावा. खुरासणीचं तेल खातात, दिव्यात घालतात. पण फुलोऱ्याच्या दिवसांत ते शेत आधी माश्यांचं असतं. बांधावर पाच मिनिटं उभं राहिलं तर कानाला एक सलग सूर लागतो. कुठून येतोय म्हणून शोधायला गेलं की सापडत नाही.

तो सूर ऐका थोडा वेळ. आपल्याला त्याच्याकडे परत यायचं आहे.

त्या माश्यांकडे मेण असतं, हे आपण शाळेत शिकून विसरलेलो असतो. कामकरी माशीच्या पोटाखालच्या ग्रंथींतून ते पाझरतं, अभ्रकाच्या कपच्यांसारखं. ती कपची माशी तोंडात घेऊन चावते, मऊ करते आणि पोळ्याला लावते. इथंही तेच: मऊ आहे तोवर आकार. एक किलो मेण घडायला माश्यांचा सहा ते आठ किलो मध खर्ची पडतो असा हिशेब सांगतात. म्हणून मेण महाग, आणि म्हणूनच तुमच्या मुठीत आहे ते बहुधा मेण नाहीच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला खनिज तेलातून पॅराफिन काढायला लागले आणि मेणबत्तीतून मेण निघून गेलं. नाव राहिलं. मराठीनं वस्तू बदलली तरी शब्द ठेवला, हे मला आवडतं. आपले संत मऊपणाचं माप म्हणून ज्या मेणाकडे बोट दाखवायचे ते माशीचं मेण. पॅराफिन तसं मऊ नाही.

जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावर मी ते खरं मेण पाहिलं. कारवीच्या कुडाचं घर, शेणानं सारवलेली ओटी. ओटीवर एक म्हातारे वारली गृहस्थ तारपा दुरुस्त करत बसले होते. सगळे त्यांना आजा म्हणत होते, म्हणून मीही म्हणालो.

तारपा चित्रात सगळ्यांनी पाहिलेला असतो. वारली चित्रात माणसांची वेटोळी साखळी असते आणि तिच्या मध्यावर एक जण लांबलचक वाद्य फुंकत असतो, ते. हातात घेतल्यावर कळतं की ते निरनिराळ्या झाडांचं मिळून झालेलं आहे. फुंकायच्या बाजूला वाळवलेला दुधी भोपळा. त्याच्या पोटात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, बोटांसाठी भोकं पाडलेल्या. नळ्यांच्या आतल्या टोकांना बांबूचीच बारीक जीभ. आणि पुढे ताडाच्या पानांचा गुंडाळत गुंडाळत रुंद केलेला कर्णा. भोपळा गोल, नळ्या सरळ, पान चपटं. एकमेकांना न मानणारी ही माणसं एकत्र नांदतात ती मेणामुळे. गारुड्याची पुंगी याच कुळातली, तिच्यातही भोपळा, दोन नळ्या आणि मेण.

आजांच्या हातात बोराएवढी काळपट गोळी होती. शहरातलं पिवळंधमक शुद्ध मेण नव्हे. पोळं पिळून, उकळून, फडक्यातून गाळून उरलेलं, राळेचा आणि धुराचा वास असलेलं. ते ती गोळी निखाऱ्याजवळ धरायचे, बोटांत फिरवायचे, परत धरायचे. घाई नाही. मग एका क्षणी, कशावरून ठरवलं ते मला कळलं नाही, ती पटकन नळी आणि भोपळा यांच्या सांध्यावर नेली आणि अंगठ्यानं गोल फिरवत दाबली. चार-पाच ठसे एकापुढे एक. शेवटचा ठसा जरा जास्त वेळ. मग हात काढला.

मी विचारलं, एवढंच?

"मेण नाय लावलं तं वारा पळतो, दादा," ते म्हणाले. "वारा पळाला का सूर पळाला."

मग त्यांनी फुंकून दाखवलं. तारप्याला श्वास तोडता येत नाही. गालात हवा साठवायची, ती सोडता सोडता नाकानं नवी घ्यायची. त्यामुळे सूर एकदा सुरू झाला की सलग चालतो. आणि तो सूर कसा? सकाळी खुरासणीच्या बांधावर जो ऐकला होता, तसा. जाड, जरा घोगरा, दोन आवाज एकमेकांना घासत चाललेले. ही उपमा मला सुचली तेव्हा फार हुशारीची वाटली होती. आता वाटतं, माशीचं मेण आहे, भोपळ्याची पोकळी आहे, दुसरं काय ऐकू येणार!

भात तयार होऊ लागल्यापासून दिवाळीपर्यंतच्या रात्री हे वाद्य वाजतं. बायकापुरुष एकमेकांच्या कमरेला धरून गोल फिरतात आणि तारपकऱ्याकडे पाठ करत नाहीत. याच तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना तारपावादनासाठी संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आहे. त्यांचे फोटो बघा कधी. भोपळा दिसतो, कर्णा दिसतो, फुगलेले गाल दिसतात. मेण दिसत नाही. ते दिसू लागलं तर कुठेतरी फट पडली आहे असं समजायचं.

आता मनात या दोन वस्तू शेजारी ठेवा. एकीकडे शोकेसमधली कोरलेली मेणबत्ती: सगळं मेण बाहेर, बघण्यासाठी, कुणीही न पेटवलेलं. दुसरीकडे तारप्याच्या सांध्यातली बोराएवढी गोळी: सगळी आत, कुणाच्या नजरेत नाही, तीही न पेटवलेली. दोन्ही ठिकाणी मेण जळलं नाही. आणि दोन्ही ठिकाणी ते ज्या घटकेला मऊ होतं त्या घटकेला कुणाचं तरी बोट तिथं हजर होतं. यातली कोणती जास्त मोलाची, हा प्रश्न मनात येऊ लागला तर येऊ द्या. उत्तराच्या मागे लागू नका.

जुनी माणसं मेणाला संस्कृतात 'मधूच्छिष्ट' म्हणत, म्हणजे मधाचं उष्टं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं बाराव्या शतकात जो 'मानसोल्लास' रचला, त्यात मूर्ती ओतायची रीत सांगितली आहे. आधी मेणाची मूर्ती घडवायची, तिच्यावर मातीचे लेप द्यायचे, माती तापवून मेण बाहेर काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. नाकडोळे, दागिन्यांची नक्षी, बोटांची ठेवण, सगळं आधी मेणात झालेलं असतं. देव्हाऱ्यात आपण ज्याला हात जोडतो तो धातू. कारागिराचं बोट ज्याला लागलं ते मेण केव्हाच वाहून गेलेलं.

*

इथं एक अडथळा आहे. तो बाजूला सारून पुढं गेलो तर हे मनन म्हणजे सुट्टीच्या दिवसाची हौस ठरेल.

मेणबत्तीचं आकर्षण ज्यांच्या घरात बटण आहे त्यांना असतं. दिवे मालवून, मंद उजेडात जेवणं ही गंमत आहे, कारण उठून दिवा लावता येतो. त्या ओटीवर मी 'चिमणीच्या उजेडात किती छान वाटत असेल' असं काहीसं बोलून गेलो. आजांची सून चुलीशी बसली होती. तिनं मान वर न करता सांगितलं की तिच्या लहानपणी चिमणीच्या धुरानं सकाळी नाकातून काळं यायचं. मी गप्प बसलो. १९९२ साली याच जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणानं बालकं गेली आणि महाराष्ट्राला या डोंगरांची नावं कळली. मोखाड्यात कोचाळ्याजवळ मध्य वैतरणा धरण आहे. त्याचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात मोखाड्याच्या बायका हंडा घेऊन दरीत उतरतात. इथल्या अंधारात कुणी मन रमवायला बसलेलं नव्हतं.

तेव्हा जुन्या उजेडाची आठवण काढायची तर ती ज्यांनी त्या उजेडात काही घडवलं त्यांच्याकडून घ्यावी. मोखाडा-जव्हार भागात होळीनंतर, उन्हाळ्याच्या रात्रींना गावोगाव बोहाडा होतो. कुणी भवाडा म्हणतं. गणपती येतो, शारदा येते, त्राटिका, नरसिंह, रावण, महिषासुर येतात, अखेरीला जगदंबा. एकेक सोंग मुखवटा लावून संबळ-सनईवर नाचत गल्लीतून पुढे सरकतं. पूर्वी हे मुखवटे लाकडाचे असत, आता बहुतेक कागदाच्या लगद्याचे. जव्हारजवळच्या रामखिंडसारख्या गावात ते करणारी घरं आहेत. लगदा ओला आहे तोवर नाक ओढायचं, भुवई चढवायची. वाळला की मग रंगच.

हे मुखवटे दिवसा, दुकानात किंवा प्रदर्शनात, भिंतीला टांगलेले पाहिले तर भडक वाटतात. डोळे वाजवीपेक्षा मोठे, दात बटबटीत, गालांवरच्या रेघा जाड. मला बरीच वर्षं ते कारागिरीचं उणेपण वाटायचं. मग एकदा पेटत्या टेंभ्याच्या उजेडात ते सोंग पाहिलं. ज्योत खालून-बाजूनं येते आणि एक क्षण स्थिर राहत नाही. नाकाची सावली गालावर डावीकडे जाते, उजवीकडे जाते. भुवईखालचा खड्डा भरतो, रिकामा होतो. रावण बघतो. खरंच बघतो, आणि पुढच्या रांगेतली पोरं आईच्या मागे सरकतात. ते जाड नाक हलत्या उजेडासाठी मापून काढलेलं असतं. हॅलोजनच्या झोतात तोच मुखवटा परत पुठ्ठ्याचा होतो.

वारली लग्नातला चौकही असाच. घरातल्या आतल्या, अंधाऱ्या भिंतीवर गेरू-शेणाचा लेप, त्यावर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेघा, मधोमध पालघट देवी. सुवासिनींनी काढायचा, लग्न लावणाऱ्या धवलेरीनं त्यापुढे गायचं. काही काळानं तो पुसला जातो, त्यावर नवं सारवण येतं. दिव्याच्या उजेडात त्या पांढऱ्या रेघा भिंतीपासून सुटून पुढे आल्यासारख्या दिसतात. मातीच्या भिंतीला खिडकी नाही म्हणून आपण हळहळतो, पण तांदळाची रेघ तेवढ्याच अंधारात उठते.

*

आता खोलीतला दिवा बंद करा. पंखाही. मुठीतली मेणबत्ती बशीवर उभी करा.

काडी ओढा.

पहिलं अर्धं मिनिट ज्योत मोठी असते, मग एकदम बारीक होते, विझते की काय असं वाटतं. घाबरू नका. वातीत मुरलेलं जुनं मेण संपलं आणि नवं अजून वितळून वर पोचलं नाही. तेवढा वेळ ती भुकेली असते. मग खालचं मेण पातळ होतं, वातीतून वर चढतं आणि ज्योत पुन्हा अंग धरते.

तिच्याकडे बघताना एका ठिकाणी नजर ठेवा. बुडाशी निळं. त्यावर वातीभोवती काळसर, जवळजवळ पारदर्शक. त्याच्यावर पिवळं. आपण ज्याला उजेड म्हणतो तो त्या पिवळ्यातल्या काजळीच्या कणांचा: अजून न जळालेले, तापून लखलखणारे कण. १८६० च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडे यांनी मुलांपुढे फक्त मेणबत्ती या एका विषयावर सहा व्याख्यानांची मालिका सुरू केली. ज्योतीच्या खाली जी छोटीशी वाटी तयार होते, तिचं त्यांना मोठं अप्रूप होतं. ज्योतीमुळे वर चढणारी हवा कडेनं येते, मेणबत्तीची कड गार ठेवते, म्हणून कड उभी राहते आणि मधलं मेण पातळ होऊन वाटीत साठतं. म्हणजे मेणबत्ती आपली पणती आपणच कोरत खाली जाते. आणि फॅरेडेंनी असंही दाखवून दिलं की नक्षीदार, खाचा-खोबणींच्या मेणबत्त्या दिसायला सुंदर असल्या तरी जळायला वाईट. कड सारखी नसली की वाटी फुटते, मेण ओघळतं. आमच्या आईला हे कुणी सांगितलेलं नव्हतं, पण ती शोकेसला कुलूप लावत असे.

बघत राहा. मेणबत्तीचं वय जाताना दिसतं. तुम्ही तिला बोट लावत नाही, सुरी लावत नाही. ती बसल्याजागी कोरली जाते आहे. मन इकडेतिकडे जाईल. गेलं तर जाऊ दे, परत येताना त्या पिवळ्या भागाच्या टोकाशी या, जिथं उजेड संपतो आणि नुसती गरम हवा थरथरते.

एखादा माणूस आठवला का? बहुतेकांना आठवतो. लोडशेडिंगमध्ये वहीवर कोपरं टेकून बसलेलं कुणीतरी, ज्योतीतून बोट सपकन फिरवून दाखवणारा थोरला भाऊ, भिंतीवर हाताच्या सावलीचं हरीण करणारी आत्या. आठवणीतल्या माणसाचा चेहरा नीट दिसत नसेल तर काळजी करू नका. तेव्हाही तो तितकाच दिसत होता, अर्धा.

आमची कोरलेली मेणबत्ती शेवटी पेटली नाहीच. घर बदलताना ती सापडली नाही. कुणी टाकली, कुणी नेली, विचारायला आई नव्हती. मला वाईट वाटतं ते मेणबत्तीचं थोडं. जास्त वाटतं ते त्या पेराच्या खळग्याचं, कारण माझी करंगळी एव्हाना त्यात बसली नसती, आणि ते बघायचं राहून गेलं.

आता फुंकर घाला. वातीतून जी पांढरी दोरी वर चढते ती धूर कमी आणि मेणाची वाफ जास्त. काडी पेटवून त्या दोरीच्या वरच्या टोकाला लावलीत तर ज्योत उडी मारून खाली वातीवर येईल. वाटलं तर करून बघा. मुलं असतील तर बघायला बोलवाच. मग परत विझवा.

वाटीतलं मेण आधी पाण्यासारखं असेल. त्याला हात लावू नका. कडेनं पांढरी साय धरायला लागेल, काठाकडून मध्याकडे, हळूहळू. तेवढा वेळ बसा. अंधारात कान दिलात तर लहानशी टिकटिक ऐकू येईल, मेण आवळतं त्याची. साय मध्यापर्यंत आली, वरची चकाकी गेली, की कडेला बोट नुसतं टेकवून बघा. चटका बसला तर काढा आणि थोडं थांबा. नुसतं ऊन लागलं, तर आता अंगठा ठेवा.

दाबा. आजा शेवटचा ठसा जितका वेळ धरून होते, तितका वेळ.